जिमखान्याच्या काकांना जाहीर पत्र

काका,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या निरोप समारंभाचे फोटो मोबाइलवर आले. शाल, नारळ, गुच्छ आणि मधोमध ताठ उभे असलेले तुम्ही. भाषणंही झाली म्हणे. वेळेवर येणारे, प्रामाणिक, कधी उलट न बोलणारे शिपाई. सगळं खरंच आहे. पण कॉलेजच्या जिमखान्यात तुम्ही काढलेल्या दिवसांचा उल्लेख कुणीच केला नाही हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. तुम्ही काय केलंत ते रत्नागिरीत चार लोकांना तरी कळायला हवं.

आपल्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. बास्केटबॉल खेळणारी मुलगी नेमकं काय खेळते, हे माझ्या घरच्यांनाही पाहुण्यांना सांगता यायचं नाही. आमचं कोर्ट उघड्यावर, सिमेंटचं. जून ते सप्टेंबर ते पावसाचं. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना जायचो तेव्हा समोर छपराखाली बारा महिने सराव केलेल्या मुली असायच्या. शिवाय आम्ही सराव करायचो तो मुलांच्या ७ नंबरच्या बॉलने. मुलींच्या सामन्यात ६ नंबरचा असतो, घेराने लहान आणि वजनाला हलका. तो हातात आला की आमचे शॉट रिंगच्या पलीकडे जायचे. तरीही मी गार्ड म्हणून, म्हणजे बॉल पुढे नेणारी म्हणून, खेळत राहिले, ११ नंबरचा टी-शर्ट घालून, आणि त्या वयात त्या टी-शर्टाहून मोठं मला काही वाटत नव्हतं.

मग तो गणपतीनंतरचा पंधरवडा. पाऊस ओसरत होता, कोर्टाच्या कडेला शेवाळ धरलं होतं. ब्लीचिंग पावडर टाकून कोर्ट घासून घ्या, एवढीच आम्हा मुलींची मागणी होती. लेखी दिली होती. ज्यांच्या सहीने पावडर येणार होती त्यांना सही करायला सवड झाली नाही. रिबाउंड, म्हणजे रिंगला आपटून परत आलेला बॉल, उडी मारून घेतला, खाली आले, पाय सरकला, गुडघा आत वळला आणि काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

ज्या दवाखान्यात नेलं तिथे एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले आणि क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. एक्स-रेत हाड दिसतं, हाडांना जोडणारं लिगामेंट दिसत नाही. उडीवरून खाली येताना गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे खेळाडूंवर उपचार करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मला ते कोल्हापूरला एमआरआय झाल्यावर कळलं. तोवर जिना उतरताना गुडघा सारखा निसटत होता आणि घरात सगळे म्हणत होते, मुरगळलंय, तेल लाव. पुढे ऑपरेशन झालं. तो पाढा इथे वाचत नाही.

सही न करणारे बघायलाही आले नाहीत. संघाची जबाबदारी असलेल्यांनी निरोप पाठवला: किट जमा कर, दुसऱ्या मुलीला लागेल. हे वाक्य मला अजून टोचतं.

तर ते किट द्यायला मी कुबड्या घेऊन आले. खेळ संपला असं ठरवूनच आले होते. ऑक्टोबरचं ऊन, कोर्ट कोरडं. रजिस्टरात माझी सही घेऊन तुम्ही मला मोकळं करायचं, एवढंच तुमचं काम होतं. तुम्ही पिशवी घेतलीत, उघडलीही नाहीत, खिळ्याला टांगलीत. परीक्षेच्या हॉलमधून एक लाकडी खुर्ची उचलून आणलीत आणि रिंगसमोर, फ्री थ्रोच्या (फाउल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेषेच्या बरीच आत मांडलीत. परत गेलात आणि स्टूल आणलंत, पाय ठेवायला. त्या स्टुलावर गोणपाटाची चौपदरी घडी घातलीत, हाताने दाबून बघितलीत, मऊ आहे ना म्हणून. मग नुकताच आलेला, कुणाच्या हाताला न लागलेला ६ नंबरचा बॉल माझ्या मांडीवर ठेवून म्हणालात, "बस गो बाय. पायाला लागलाय ना? हाताला काय झालाय तुझ्या?"

काका, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचे उपकार आहेतच, घरच्यांचे तर मोजताच येणार नाहीत. पण मी पुन्हा खेळले ती त्या गोणपाटाच्या घडीमुळे. माझा पाय दुखत असेल हे तोवर ज्याच्या-त्याच्या तोंडी होतं, हात लावून बघितलं होतं फक्त तुम्ही. सुरुवातीचे सगळे शॉट तोकडे पडले. बॉल गटाराकडे जायचा, चिंचेखाली जायचा, तुम्ही आणायचात. आणि फेकायचा नाहीत. दर वेळी चालत येऊन हातात द्यायचात, मला वाकावं लागू नये म्हणून.

बसून टाकताना पायांचा जोर मिळत नाही, सगळं कोपर आणि मनगटावर येतं. माझं कोपर बाहेर पडायची जुनी खोड त्या खुर्चीने मोडली. गुडघा सावरायला पुढचं बरंच वर्ष गेलं. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट २५ वर्षांपर्यंतच, आणि डिग्रीची वर्षं त्याआधीच संपतात, तेव्हा गेलेला हंगाम भरून येत नाही. विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली नाही. पण शेवटच्या वर्षी कॉलेजकडून खेळले, आणि फ्री थ्रो मिळाला की बाकावरच्या मुली निश्चिंत असायच्या.

आता मी शाळेत खेळ शिकवते. मुलींना एक गोष्ट नेहमी सांगते. १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकांनी हा खेळ काढला तेव्हा त्यांना दोन खोकी हवी होती. ती नव्हती. इमारतीची देखभाल करणारे स्टेबिन्स म्हणाले, पीच फळांच्या दोन टोपल्या आहेत, चालतील का? त्या टोपल्या सज्जाला ठोकल्या. सज्जा १० फुटांवर होता, म्हणून आजही जगभर रिंग ३.०५ मीटरवरच असते. या खेळाला बास्केट मिळाली ती अशा माणसाकडून. ही गोष्ट सांगताना माझ्या डोळ्यांपुढे तुम्हीच असता. संस्था चालवणाऱ्यांची नावं फलकावर लागतात. पण कुणाला काय हवंय हे ओळखून, न विचारता ते आणून ठेवणारी माणसं नसतील, तर त्या फलकाखालून एकही मूल खेळाडू होऊन बाहेर पडणार नाही. कोकणात अशी माणसं आहेत, शाळांत, एसटीच्या डेपोंत, बंदरांवर, आणि त्यांना बढती मिळत नाही याचा मला मनापासून राग येतो.

एक काम आहे तुमच्याकडे. आमच्या शाळेत नवीन कोर्ट झालंय. शेवाळाची सोय मी पहिल्याच बैठकीत करून घेतली, ब्लीचिंग पावडरचा खर्च अंदाजपत्रकातच घातला. पण कंत्राटदाराने बसवलेल्या रिंगची उंची मला पटत नाही. तुमच्याकडे १० फुटांवर लाल खूण केलेला बांबू होता, तो अजून असेल तर घेऊन या. काकूंनाही आणा, एसटी शाळेच्या दारात थांबते. मुक्कामालाच या. मुलींना तुम्ही कोण ते आधीच माहीत आहे.

तुमची,
११ नंबरवाली