शंभर तपासण्यांतून आम्हाला सोडवणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,
स. न. वि. वि.

लेकीच्या अ‍ॅलर्जी टेस्टचा रिपोर्ट मिळाला त्या दिवशी ओपीडीत इतकी गर्दी होती की तुमच्याशी धड बोलणंच झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

काजूकतलीच्या एका तुकड्याने लेकीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. त्यानंतर घरात सल्ल्यांना ऊत आला. दूध बंद करा, गहू बंद करा, शेंगदाणा तर घरातच नको. तीन वर्षांच्या पोरीने खायचं तरी काय? त्यात एका लॅबचं पॅकेज कुणीतरी सुचवलं: एकदाच रक्त घ्यायचं, शंभरावर पदार्थांचा निकाल. यांनी पैसेही काढून ठेवले होते.

तुम्ही मात्र आधी वही काढायला लावलीत. त्या दिवशी काय काय खाल्लं, किती वेळाने सूज आली, कशाने उतरली. आणि मग विचारलंत, "पोळी-दूध रोज पचतंय ना? मग त्याची तपासणी कशाला?" तपासणीत एखादा पदार्थ पॉझिटिव्ह आला तरी मूल तो मजेत खात असू शकतं, अशा कागदावर विसंबून मुलांचं खाणं तोडलं जातं, हे तुमच्याकडूनच कळलं. त्या पॅकेजमध्ये बघतात ते आयजीजी, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडींचा एक प्रकार, आणि ते पदार्थ खाण्यात आहे एवढंच सांगतं. आमच्या लेकीसारखी लगेच उठणारी अ‍ॅलर्जी बघायची तर आयजीई हा दुसरा प्रकार. हा फरक इतक्या सोप्या भाषेत आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितला नव्हता.

डॉक्टरांनी त्वचेवरच्या टेस्टसाठी तीनच गोष्टी लिहून दिल्या. काजू, त्याचा सख्खा भाऊ पिस्ता, आणि त्याच दिवशी चिवड्यातून पोटात गेलेला शेंगदाणा. त्यांच्याच सांगण्यावरून आठवडाभर सेट्रिझिन हे अ‍ॅलर्जीचं औषध बंद ठेवलं, नाहीतर त्वचेवर काही उठलंच नसतं.

टेस्टच्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली, पोरगी रडवेली झाली होती. तुम्ही बॉलपेन तिच्याच हातात दिलंत आणि तिच्याकडूनच हातावर रेघा मारून घेतल्यात. प्रत्येक रेघेपाशी एक थेंब, त्यावर हलकीशी टोच. एक थेंब नुसत्या सलाइनचा, एक हिस्टामिनचा, म्हणजे गांध उठवणाऱ्या द्रव्याचा, तो फुगायलाच हवा म्हणजे टेस्ट चालली हे कळतं. नंतरची पंधरा मिनिटं खाजवू न देणं हे खरं कसब! तुम्ही तिला खिडकीतून सिटीलिंकच्या बस मोजायला बसवलंत. आकडे सगळे चुकीचे, पण हात जागेवर.

काजू-पिस्ता फुगले, शेंगदाणा सपाट. गांध केवढी मोठी यावरून पुढचा त्रास केवढा होईल ते ठरत नाही, हेही तुम्ही बजावलंत, नाहीतर आम्ही पट्टी घेऊन बसलो असतो. आंबा काजूच्याच कुळातला म्हणून सासूबाई धास्तावल्या होत्या. "आजवर खाल्लाय ना? मग खाऊ द्या," एवढं तुम्ही म्हणालात आणि यंदाचा आमरस वाचला.

सगळ्यात मोठे आभार अ‍ॅड्रेनॅलिनच्या, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीत द्यायच्या इंजेक्शनच्या, शिकवणीसाठी. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहज मिळत नाही. डॉक्टरांनी किलोला 0.01 मिलिग्रॅम या हिशेबाने मात्रा लिहून दिली, पण ती सिरिंजमध्ये ओढायला तुम्ही शिकवलंत, मोसंबीवर टोचायला लावून. श्वास लागला, आवाज बसला, पोर गळून गेली तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, आडवं ठेवायचं, धाप लागत असेल तर बसू द्यायचं, 108 ला फोन. बालवाडीच्या बाईंसाठी हेच तुम्ही मराठीत लिहून दिलंत, तो कागद तिथल्या कपाटावर चिकटवलाय. हॉटेलातल्या पांढऱ्या ग्रेव्हीत काजू असतो हे त्यात सर्वात वर, लाल शाईत.

पुढच्या तपासणीला येताना साबुदाणा वडे आणीन, भरपूर कूट घालून. ड्युटीवर आहे म्हणून नको म्हणू नका.

आपली,
एक आई, नाशिकरोड