रात्रपाळीच्या सिस्टरना

सिस्टर,

तुमचं नावसुद्धा मला माहीत नाही. पुरुषांचा वॉर्ड, दाराजवळची खाट, गर्दचा ओव्हरडोस झालेला माझा धाकटा भाऊ. एवढ्यावरून आठवलं तर बघा.

दुसऱ्या रात्री त्याला टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होती, हात थरथरत होते. तुम्ही स्वतःच्या थर्मासमधला चहा बशीत ओतलात आणि बशी त्याच्या ओठांना लावलीत. तो भुरके मारत होता तेव्हा, जेवलास का विचारावं तसं, विचारलंत, "दादा, चुकून जास्त झालं, की मरावंसं वाटत होतं?"

माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, ह्या त्याच्या डोक्यात नको ते भरवतायत. तो बराच वेळ बशीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जाग आली नसती तरी चाललं असतं."

सहा वर्षांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा. आधी एकदा असाच बेशुद्ध सापडला, तेव्हा दुसऱ्या दवाखान्यातून "गर्दुल्ल्यांचं हे नेहमीचंच" म्हणत सकाळी घरी पाठवलं. मानसोपचारवाले म्हणायचे, आधी नशा सोडा. व्यसनमुक्तीवाले म्हणायचे, आधी डोकं दाखवून या. या दोन दारांत आम्ही चपला झिजवल्या. तो राग अजून गेलेला नाही.

व्हरांड्यात तुम्ही मला समजावलंत, की केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यांत जपायचे. शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीचा डोस झेपत नाही, आणि पुन्हा घेतल्याची लाज जीव खाते. पोलीस केसच्या धास्तीने आम्ही खरं बोलत नव्हतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जीव द्यायला निघालेल्या माणसाला शिक्षा नाही, उपचार आहेत, हेही तुम्हीच सांगितलंत. केसपेपरच्या मागे टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ लिहून दिलात.

अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळताना, ज्याला सगळे 'ए' म्हणून हाक मारतात त्याला तुम्ही 'दादा' म्हणालात. अशी माणसं खुर्चीवर नसतात, स्टुलावर असतात, आणि त्यांच्यामुळेच घरं तगतात.

परवा रात्री दोनला त्याने मला उठवलं. "ताई, पुन्हा तसं वाटतंय." मी चहा टाकला, त्याने स्वतः फोन लावला. हात थरथरत नव्हते, तरी त्याने बशीच मागितली.