शोधण्यापुरते स्कॅनिंग ही लूट नव्हे

पुस्तके स्कॅन करून ऑनलाइन शोधासाठी खुली करणे म्हणजे लेखकांची लूट, हे रविवारच्या अंकातील लेखात मांडलेले मत पटत नाही. अमेरिकेत ऑथर्स गिल्ड या लेखक संघटनेने 2005 मध्ये हाच आरोप करत गूगलला कोर्टात खेचले होते. ऑक्टोबर 2015 मध्ये अपील न्यायालयाने गूगलच्या बाजूने कौल दिला. तो भारतात बंधनकारक नाही, पण त्यातला तपशील पाहण्याजोगा आहे. शोधलेला शब्द असलेला पानाचा जेमतेम आठवा भाग वाचकाला दिसतो. दहातले एक पान कायम झाकलेले असते. शब्दकोश, पाककृतींची पुस्तके आणि छोट्या कविता यांचे तर तुकडेही दाखवत नाहीत. एवढ्यावर कोणी कादंबरी वाचून काढलीच, तर त्याच्या चिकाटीचा सत्कार करायला हवा!

स्कॅन करण्याआधी लेखकाला विचारले नाही, हा लेखातील आक्षेप मात्र रास्त आहे. पण विचारायचे कोणाला? आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. 1970 मध्ये वारलेल्या लेखकाचे पुस्तक 2030 अखेरपर्यंत हक्काखाली आहे. प्रकाशन संस्था कधीच बंद पडलेली, वारसांचा पत्ता नाही. अशी मराठी पुस्तके ग्रंथालयांच्या मागच्या कपाटांत वाळवी खाते आहे. त्यांत काय आहे, एवढे तरी शोधता यावे. पूर्ण पुस्तक वाचायला द्यायचे वा विकायचे असेल, तेव्हा हक्कदारांची संमती आणि मोबदला हवाच.

– एक वाचक, सातारा