विन्याला पत्र

प्रिय विन्या,

गणपतीनंतर लिहितो म्हणालो होतो, ते राहिलंच. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे. पण हे तुलाच लिहायला हवं. मेघनाशी बोललो तर ती म्हणते, तू उगाच वाढवतोस.

शनिवारी सईला 'हर्क्युलिस' लावून दिला. तोच, डिस्नेचा, १९९७ चा. ज्याच्यावरून आपण होस्टेलवर भांडलो आणि तू मेसमध्ये वेगळ्या टेबलावर जेवायला लागलास. तुझं म्हणणं, हेडीस खलनायक कसा? तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या, झ्यूसला आकाश मिळालं, पोसायडनला समुद्र, याच्या वाट्याला पाताळ. आपला यम काय राक्षस आहे का? मान्य रे. पण जेम्स वूड्सच्या आवाजातला, डोक्यावर निळा जाळ घेऊन फिरणारा तो दलाल काढला तर उरतं काय? म्यूझ बायकांची गाणी आणि नायिका मेग. जेरल्ड स्कार्फच्या हाताची ती टोकदार चित्रं मात्र या वेळी जास्त आवडली. कॉम्प्युटरवर केलेला तो अनेक तोंडांचा हायड्रा त्यांच्यात पाहुण्यासारखा वाटतो. नायक तेव्हाही मठ्ठ होता, आजही आहे. आणि हेरा, पुराणात त्याची सावत्र वैरीण, ती म्हणे प्रेमळ आई!

असो. त्यात ते शेतकरी जोडपं आहे बघ, रस्त्यात सापडलेलं बाळ वाढवणारं. पोरगं मोठं होतं, गाव त्याला हसतं, मग दोघं त्याच्या गळ्यात सापडलेलं पदक काढून देतात. हा निघतो झ्यूसच्या देवळात, खरा बाप शोधायला. सईने तिथे सिनेमा थांबवला. "बाबा, मला आणलंत तेव्हा माझ्या गळ्यात काय होतं?"

तिला सगळं माहीत आहे, आम्ही कधी लपवलं नाही. तरी मला उत्तर सुचेना. मग म्हणालो, काळा दोरा होता, संस्थेतल्या मावशींनी बांधलेला. "कुठाय?" आता काय सांगू? मेघना म्हणते, पहिल्या आंघोळीतच गेला असेल.

रात्री झोप येईना, म्हणून अपोलोडोरसचं ग्रीक पुराणकथांचं पुस्तक काढलं. विन्या, त्या बापाचं सिनेमावाल्यांनी काय करून ठेवलंय! अँफिट्रिऑन, म्हणजे तो शेतकरी बाप, मूळचा योद्धा. पोराला रथ हाकायला यानेच शिकवलं. पोराने वाजवायला शिकवणाऱ्या लायनस मास्तरांच्या डोक्यात लायर, म्हणजे ते तंतुवाद्य, घालून त्यांना ठार केलं, तेव्हा पुन्हा असं काही करील म्हणून त्याला गुरं राखायला पाठवलं तेही यानेच. शेवटी पोराबरोबर लढाईला गेला आणि तिथेच मेला. आणखी एक पाठभेद आहे. पाळण्यात साप हेराने नाही, यानेच सोडले, हर्क्युलिस आणि इफिक्लीस या जुळ्यांतलं आपलं कोणतं आणि झ्यूसचं कोणतं ते कळावं म्हणून. इफिक्लीस पळाला, तो याचा. (पाळण्यातलं पोर पळालं म्हणे. तू यावर नक्की वाद घालशील.) कळल्यावरही त्याने दुसऱ्याला टाकलं नाही. सिनेमात मात्र पदक हातात ठेवलं आणि हे दोघं जवळजवळ गायबच. शेवटी पोरगं देवत्व नाकारून पृथ्वीवर राहतं, तेही मेगसाठी. जरा घरी जाऊन येतो म्हणेल तर शप्पथ!

मेघना हसते. म्हणते, "पदक तिला हवंय की तुला?"

पण उद्या ती अठराची होईल आणि फाईल मागेल. मी बरोबर जायचं, की दारातून परतायचं? तू मामांकडे वाढलास म्हणून तुला विचारतोय. मिरजेला वडिलांना भेटायला गेलास तेव्हा मामा स्टँडवर सोडायला आले होते, एसटी हलेपर्यंत खिडकीशी उभे होते. तुला ते हवं होतं की नको होतं? तू कधी बोलला नाहीस आणि मी विचारलं नाही. आता विचारतोय.

बदलीचं काय झालं? वहिनींचा खांदा बरा आहे ना? अथर्वला म्हणावं, दहावी म्हणजे काही जगबुडी नव्हे.

उत्तर लिहूनच पाठव. फोनवर नको, सई कायम आसपास असते.

तुझा,
दिल्या

ता. क. त्या दिवशी गाडी तू चालवत होतास. दोरा टोचतोय तिला, सैल करा, असंही तूच म्हणाला होतास. मागच्या सीटवर तर राहिला नव्हता? ती गाडी कुणाला विकलीस?