हेल्गोलँडला घेऊन जाणाऱ्या काकांस आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

ऑक्टोबरात आपण हॅम्बुर्गमधल्या आम्हां काही मराठी मंडळींना उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड या जर्मन बेटावर स्थलांतरित पक्षी दाखवायला नेलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. जर्मनीतल्या इतर मराठी पक्षीप्रेमींनाही ते वाचता यावे, म्हणून मुद्दाम खुले ठेवले आहे.

बोटीची तिकिटे काढण्याआधी आपण आमच्यापुढे हवामानाचा नकाशा ठेवलात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. किनाऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरचे, जेमतेम १ चौरस किलोमीटरचे हे तांबड्या खडकाचे बेट निरभ्र रात्री बहुतेक पक्षी न थांबता ओलांडून जातात. मात्र पूर्वेचा वारा असेल आणि त्यात पाऊस किंवा खाली उतरलेले ढग गाठतील, तर थकलेले पक्षी समुद्रात दिसणाऱ्या या एकमेव जमिनीवर उतरतात, असे आपण समजावलेत. त्यामुळे सकाळी प्रत्येक कुंपणाखाली कस्तूर आणि रॉबिन दिसले, तेव्हा त्यामागचे कारणही आम्हांला ठाऊक होते. जेमतेम ५-६ ग्रॅम वजनाचे गोल्डक्रेस्ट तर पायांजवळच्या गवतात किडे टिपत होते.

१८३७ मध्ये इथे आलेला चित्रकार हाइनरिख गेट्के पक्ष्यांच्या नोंदी करत अखेरपर्यंत इथेच राहिला आणि १९१० मध्ये इथे पक्षी-केंद्र उभे राहिले, हा इतिहास आपण वाटेत सांगितलात. केंद्राचा निमुळता होत जाणारा जाळीचा सापळा बेटावरच्या लोकांच्या जुन्या युक्तीतून सुधारून केलेला आहे, हे ऐकून मी थक्क झाले. पूर्वी ते खाण्यासाठी कस्तूर पकडत. आता पक्ष्याच्या पायात क्रमांकाचे कडे घालून, मोजमाप घेऊन त्याला लगेच सोडून देतात.

पण माझे खरे ऋण त्या लहानशा माशीमार पक्ष्यासाठी आहे. झुडपातून कोरडा, खडखडता आवाज आला आणि आपण आम्हांला जागीच थांबवलेत. पुढे कितीतरी वेळ कोणी हललेही नाही. अखेर पक्षी उघड्या फांदीवर आला. त्याच्या छातीवर लाल रंग नव्हता, कारण तो त्याच वर्षी जन्मलेला होता, आणि शेपटी उडवली की तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे दिसे. पूर्व युरोपात वीण करणारे हे लाल छातीचे माशीमार हिवाळ्यासाठी भारताकडे जातात आणि पुण्याच्या टेकड्यांवरही येतात, हे आपण हलक्या आवाजात सांगितलेत. हा पिल्लू-पक्षी मात्र वाट सोडून पश्चिमेला आला होता. माहेरी वर्षानुवर्षे ऐकलेला तो आवाज मी त्या दिवशी प्रथमच ओळखला.

पुण्यातल्या माझ्या भावाला मी तो आवाज ऐकवला आहे. यंदा तिथे हे पक्षी कधी पोहोचतात याच्या तारखा तो टिपून ठेवणार आहे. त्या आल्या की आपल्याला कळवीन.

आपली नम्र,
हॅम्बुर्गची एक पक्षीप्रेमी