उरलेला रंग गटारात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीचे रंगकाम उरकले की घरोघरी अर्धा-पाऊण लिटर रंग उरतो आणि पुष्कळदा मोरीत किंवा सोसायटीच्या पावसाळी चेंबरमध्ये ओतला जातो. चेंबरमधला रंग कसलीही प्रक्रिया न होता नाल्यावाटे मुळा-मुठेत जातो. हे टाळणे अगदी सोपे आहे.

डिस्टेंपर, प्लास्टिक पेंट हे पाण्यातले रंग. ते आणि ऑइल पेंट कधीही एकत्र करू नयेत. चांगला रंग छोट्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावावे. अर्ध्या रिकाम्या डब्यातली हवाच रंगावर साय धरते. बरणीवर शेडचा नंबर आणि तारीख लिहावी. पाणी घालून पातळ केलेला रंग मात्र ठेवू नये, तो कुजतो. ऑइल पेंटवरची साय ढवळू नये. ती अखंड उचलावी आणि खालचा रंग जुन्या ओढणीतून गाळून घ्यावा, नाहीतर दारावर कण उठतात. बाहेरच्या भिंतीचा रंग घरात लावू नये, त्यात बुरशीनाशक जास्त असते. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीचा डबा माळ्यावर सापडला तर तो वापरूच नये.

टाकायचा रंग आधी वाळवावा. पाण्यातल्या रंगात भुसा किंवा कोरडी वाळू मिसळून घट्ट लगदा करावा, जुन्या पत्र्यावर पातळ पसरावा आणि पूर्ण कडक होऊ द्यावा. ऑइल पेंटमध्ये भुसा नको, वाळूच घालावी. त्यातले तेल सुकताना तापते. याच कारणाने ऑइल पेंट किंवा जवसाचे तेल पुसलेली फडकी बोळा करून पिशवीत कोंबली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर दोरीवर सुटी-सुटी वाळवावीत. ब्रश धुतलेले टर्पेंटाइन झाकलेल्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवले की गाळ तळाशी बसतो. वरचे निवळ पुन्हा वापरता येते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये रंगाचे टाकलेले डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. कचरा नेणाऱ्या ताईंच्या हातात ओला रंग देणे तर अन्यायच. डबा वेगळा बांधून, वर ‘रंग’ असे लिहून द्यावा. महापालिकेच्या प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने दिवाळीनंतर असे डबे घेण्याचा दिवस आणि जागा आधी जाहीर करावी, ही आग्रहाची विनंती.

– रंगकाम व्यवसायातील काही वाचक, पुणे