विमान नव्हे, ट्रायपॉड

धानोरी, पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुध्या,

फोनवर सांगून झालं असतं, पण फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस, म्हणून लिहितोय. बेंगळुरूजवळ येलहंक्याला जाऊन आलो, एरो इंडियाला, विमानांच्या प्रदर्शनाला. किती वर्षं आपण "पुढच्या वेळी नक्की" म्हणत होतो! या वेळी तुला न विचारताच तिकीट काढलं. शिव्या भेटीत घाल.

आधी फजिती सांगतो, नाहीतर ही सांगेलच. रशियाचं सुखोई-५७ उडायला लागलं आणि मी फोन वर केला. ते विमान नाक वर करून हवेत उभं राहतं रे, आणि मग गिरकी घेत पानासारखं खाली येतं. घरी येऊन व्हिडिओ लावला, तर दोन मिनिटं चाळीस सेकंदांत विमान दिसतं जेमतेम अकरा सेकंद. बाकी निळं आभाळ, पुढच्या माणसाची टोपी आणि माझाच आवाज, "गेलं कुठं? गेलं कुठं?" पोरगी ती क्लिप सगळ्या नातेवाइकांना पाठवत सुटली आहे. वीस वर्षं टोटल स्टेशनला, म्हणजे जमीन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राला, डोळा लावून पोट भरणाऱ्या माणसाची ही गत.

त्यानंतर मी विमानं बघायची सोडली आणि त्यांचे डोळे, म्हणजे लक्ष्य शोधणारे कॅमेरे, बघत फिरलो.

मी गेलो तो शेवटचा दिवस, शुक्रवार १४ तारीख. त्याच पहाटे वॉशिंग्टनमध्ये ट्रम्प यांनी मोदींच्या शेजारी उभं राहून भारताला एफ-३५ देण्याची वाट मोकळी करतोय असं सांगितलेलं. मग काय, एफ-३५ भोवती जत्रा. ते घ्यावं की सुखोई-५७, यावर माझ्या शेजारचे दोघे असे भांडत होते, जणू चेक त्यांनाच फाडायचाय. मी दोरीपाशी वाकून नाकाखाली बघत होतो. तिथे पैलू पाडलेला एक काचेचा उंचवटा आहे, काच नीलमची. बहुतेक विमानांना हा डोळा पॉडमध्ये, म्हणजे एका लांबट डब्यात, घालून अंगाबाहेर टांगावा लागतो, आणि बाहेर टांगलेली वस्तू रडारवर विमानाची चहाडी करते. यांनी तो पोटात घेतलाय. शिवाय अंगावर सहा इन्फ्रारेड कॅमेरे. वैमानिकाने मान खाली घातली तर मांड्या आणि फरशी न दिसता हेल्मेटच्या काचेवर खालची जमीन दिसते म्हणे.

सुखोई-५७ चा डोळा वेगळा. कॉकपिटच्या पुढे, नाकावर, एक गोळा. जमिनीवर असताना तो चक्क पाठमोरा केलेला असतो, काचेवर खडा उडू नये म्हणून. साइटवर टिप्पर गेला की मी लेन्सवर टोपी घालतो, ते आठवलं.

आणि मग आपलं सुखोई-३० आठवलं. १९९७ साली पहिली सुखोई लोहगावला आली तेव्हा आपण सातवीत. गच्चीवर वही घेऊन मोजायचो, आणि उड्डाणाच्या आवाजाने तुमच्या शोकेसमधल्या कपबशा वाजायच्या. पेपरातल्या फोटोत काचेपुढे असाच गोळा दिसायचा. तू म्हणायचास तो दिवा आहे, रात्री लावायचा. दिवा नव्हे रे गाढवा, बरोबर उलटं आहे. दिवा म्हणजे रडार. अंधाऱ्या बोळात बॅटरी मारली की तुला समोरचा दिसतो, पण त्याला तू आधी दिसतोस. तो गोळा शोधताना अंगातून काहीच बाहेर टाकत नाही, समोरच्याच्या इंजिनाची धग तेवढी टिपतो.

आत हॉलमध्ये एका स्टॉलवर लायटनिंग नावाचा पॉड अगदी हाताच्या अंतरावर होता. सव्वादोन मीटर लांब, दोनशे किलोच्या वर वजन, तोंडाशी फिरणारं डोकं. मी काचेवर तिरका उजेड कसा पडतो ते बघत होतो. कोटिंगची झाक जांभळट आणि कडेला हिरवी. तिथल्या पोराने मला दोनदा विचारलं, "सर, आर यू फ्रॉम द सर्व्हिसेस?" म्हटलं नाही, मोजणीवाला. त्याला बिचाऱ्याला ते कुठल्या खात्यात बसवावं कळेना.

पण सांगतो, धंदा एकच आहे. आत थर्मल कॅमेरा, दिवसाचा कॅमेरा, लेझर. आपलंही तसंच, कोन घ्यायचा आणि लेझरने अंतर. आपल्याकडे कोनात एका सेकंदाची (अंशाच्या छत्तीसशेव्या भागाची) चूक झाली तर किलोमीटरवर पाच मिलिमीटर सरकतात, आणि तेवढ्यावरून बिल्डर माझी हजेरी घेतो. पंधरा किलोमीटरवर नुसत्या एका मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक म्हणजे चार मीटरच्या वर. तेही माझा ट्रायपॉड मुरुमात घट्ट रोवलेला असतो. यांचा ट्रायपॉड ताशी आठ-नऊशेने पळतोय, कलंडतोय, हादरतोय. तरी एकदा टार्गेट लॉक केलं की विमान कुठेही वळो, डोकं आतल्या आत फिरून तिथेच रोखलेलं. लोक एवढं मोठं विमान बघतात, मला तर ते त्या काचेचा महागडा ट्रायपॉडच वाटलं.

बॉम्बचं तर फारच गोड आहे (हा शब्द इथे शोभत नाही, माहीत आहे). लेझरचा ठिपका टार्गेटवर पडतो आणि तिथून परतलेला उजेड बॉम्बच्या नाकातल्या चार खणांवर येतो. चारही खणांत सारखा असेल तर सरळ. एकात जास्त झाला की पर हलवून तिकडे वळायचं. यंत्र सपाट करताना आपण बबल मध्यभागी आणतो, अगदी तस्सं. लेझरच्या झपक्यांना ठरलेली लय असते, म्हणजे शेजारच्या विमानाच्या ठिपक्यामागे आपला बॉम्ब जात नाही.

कारगिलमध्ये हाच पॉड होता. २४ जून १९९९, टायगर हिल, मिराज-२०००. तेव्हाचे हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल टिपणीस स्वतः दोन आसनी मिराजमध्ये बसून बघायला गेले होते. आपल्याला तेव्हा दहावीच्या क्लासमध्ये फक्त "टायगर हिल घेतली" एवढंच कळलं, पेढे वाटले. ढग आला की लेझर आंधळा, म्हणजे त्या शिखरांवर अर्धं काम हवामानाशीच भांडायचं होतं, हे आत्ता डोक्यात शिरलं.

बाकी तेजस, हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत पथकाची नऊ हॉक विमानं, सगळं झालं. ऊन मरणाचं, पाण्याच्या बाटलीला रांग, बाहेर पडायला अडीच तास. ते भेटीत.

पाडव्याला, ३० मार्चला येतोयस ना? तुझ्या बाबांची दुर्बीण घेऊन ये. टाकीच्या कडेला कोपर टेकवायचो आणि तू मागून दटावायचास, "श्वास रोख, हलतंय!" टाकी अजून तिथेच आहे. मध्ये दोन टॉवर झालेत, त्यामुळे सुखोई आता बरंच वर आल्यावरच दिसतं.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मन्या